शर्मनच्या अंगावरची पोती: तयार रेझिन संच घ्यावा का?

शर्मन या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी रणगाड्याच्या प्लॅस्टिक मॉडेलवर बसवायची, रेझिनमध्ये ओतलेली वाळूची पोती आणि त्यांची चौकट, असा हा संच. निकाल आधीच सांगून टाकतो: चौकट उत्तम, पोती जेमतेम, किंमत अवाच्या सवा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण यातली निम्मी रड वाळूच्या पोत्यांच्या कुठल्याही तयार संचाला लागू पडते.

संच १/३५ मापाच्या एम४ए३ शर्मनसाठी आहे. नक्कल केली आहे ती अमेरिकेच्या १४व्या आर्मर्ड डिव्हिजनच्या रणगाड्यांची. जानेवारी १९४५ मध्ये ही मंडळी फ्रान्सच्या अल्सास भागातल्या हात्तेन आणि रिटर्सहोफेन या गावांत लढत होती. शर्मनच्या कुशीचं पोलाद ३८ मिलिमीटर. समोर एकटा जर्मन शिपाई पान्त्सरफाउस्ट हे हातातलं रणगाडाभेदी अस्त्र घेऊन भिंतीआड बसलेला, आणि ते २०० मिलिमीटर सहज भेदणारं. मग क्रूने मिळेल ते अंगावर चढवलं: सुटे ट्रॅकचे तुकडे, लाकडं, वाळूची पोती. १४व्या डिव्हिजनने हेच काम पद्धतशीर केलं. वर्कशॉपमध्ये पोलादी चौकटी वेल्ड करून घेतल्या आणि त्यांत पोती रचली.

तिकडे अमेरिकेच्याच थर्ड आर्मीचे सेनापती जनरल पॅटनसाहेबांना हा प्रकार बिलकूल खपत नव्हता. शंभर पोती म्हणजे दोनेक टन वजन, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्सचे हाल, आणि पान्त्सरफाउस्टपुढे उपयोग जवळजवळ शून्य. त्यांनी आपल्या थर्ड आर्मीत पोत्यांना बंदी घातली आणि निकामी रणगाड्यांचे जाड पत्रे कापून शर्मनवर वेल्ड करून घेतले. हिशेबाने त्यांचंच बरोबर होतं. पण आत मला बसायचं असतं तर मी पोती मागितली असती.

हे सगळं सांगायचं कारण खोक्यावरचं वाक्य: ‘युरोपातल्या कोणत्याही शर्मनसाठी’. साफ चूक. पॅटनच्याच आर्मीतल्या फोर्थ आर्मर्ड डिव्हिजनच्या खुणा लावून वर ही चौकट बसवलीत, तर जाणकार माणूस टेबलापाशी थांबून हसेल. पॅसिफिकचा तर प्रश्नच येत नाही. इवो जिमा बेटावर अमेरिकी मरीन्सनी जपानी चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून बाजूंना फळ्या ठोकल्या होत्या आणि झाकणांवर खिळे नाहीतर जाळीचे पिंजरे वेल्ड केले होते. ते मॉडेल वेगळं, त्याची मजा वेगळी.

आता ओतकामाकडे येतो. मी मिरजेत दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करतो, त्यामुळे साचा आणि रेझिन हे पोटापाण्याचे विषय. दर्शनी बाजूला एकही बुडबुडा नाही. मागच्या बाजूला आहेत, पण ती रणगाड्याला चिकटते, दिसत नाही. चौकटीचे पट्टे हेवा वाटावा इतके पातळ उतरलेत. एक पट्टा वाकडा आला होता, गरम पाण्यात धरून सपाट फरशीवर दाबला, सरळ झाला. ओतीव ठोकळे करवतीने कापताना मात्र मास्क लावा आणि पॉलिशपेपर ओलाच वापरा. रेझिनची धूळ छातीत गेलेली बरी नव्हे. प्लॅस्टिक जोडायचा सिमेंट इथे काही करत नाही, सुपरग्लूच हवा. पुढच्या मशिनगनला फिरायला आणि ड्रायव्हरचं झाकण उघडायला जागा सोडली आहे. त्याचे पूर्ण गुण.

खरी निराशा पोत्यांची. सगळी फुगलेली, एका मापाची, बेकरीच्या ट्रेमधल्या पावांसारखी. खरं पोतं वजनाने बसतं. खालच्या थरातलं चपटं होतं, मधे दबतं, बांधलेलं तोंड एका बाजूला लोळतं, टोकांना कान निघतात. इथे सांधेसुद्धा एकावर एक आलेत. गवंड्याच्या हाताखालचं पोरगंही असं रचणार नाही. आणि गोणपाटाची वीण एवढी ठसठशीत, की हातभर अंतरावरून मोजता यावी. एक मिलिमीटरचा धागा १/३५ ला ०.०३ मिलिमीटर होतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. ही वीण दिसायलाच नको.

मी चौकट ठेवली आणि पोती मिलिपुटची केली, म्हणजे दोन कांड्या मिसळून करायच्या पिवळ्या-करड्या पुट्टीची. दोन्ही कांड्या समसमान मळायच्या, रंग एकजीव झाला की लांब वळी करायची आणि १४ मिलिमीटरचे तुकडे पाडायचे (भरलेलं पोतं साधारण अर्धा मीटर धरून). कडक व्हायला तास-दोन तास नाही, चांगले तीन-चार तास लागतात, त्यामुळे घाई नसते. नळ जोडायच्या पुट्टीने हे जमत नाही, ती दुसऱ्या ओळीलाच दगड होते. तुकडे ओले असतानाच थेट चौकटीत रचा. वरचं पोतं खालच्याला आपणहून दाबतं आणि जी बैठक येते ती कुठल्याही साच्यातून येणार नाही. मेण कोरायच्या हत्याराने शिवण ओढली, तोंडापाशी दोन सुरकुत्या पाडल्या, ओल्या बोटाने वीण-बीण सगळं पुसून टाकलं.

रंगाला तामियाचा एक्सएफ-५७ बफ, थोडा एक्सएफ-४९ खाकी. प्रत्येक पोत्याला मिश्रण जरा वेगळं. जानेवारीचं अल्सास म्हणजे बर्फ आणि चिखल, म्हणून खालची ओळ ओलसर, काळपट ठेवली.

सूचनापत्रक एक पानाचं आहे, फोटो धुरकट. कस्टम ड्यूटी धरून संच मूळ किटपेक्षा महाग पडला. १४व्या डिव्हिजनचा एकच शर्मन करायचाय आणि पुट्टीत हात घालायचा कंटाळा आहे, तर घ्या. वरून चिखलाचा वॉश जाड मारला की पाव थोडे झाकले जातात. बाकीच्यांनी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची चौकट घरी करावी. वेळ जाईल, पण जमेल. विक्रेत्याला विचारलं होतं, नुसती चौकट मिळेल का? नाही म्हणाला. मिळती तर आणखी दोन घेतल्या असत्या.