एकट्याने निघताय, पण सोबत हवी आहे: रेल्वे, हॉस्टेल की पायवाट?

नागपूरहून पहिल्यांदा एकट्याने निघणाऱ्याला जागेची चिंता फारशी नसते. "दिवसभर बोलायचं कोणाशी?" ही खरी चिंता. वाटेत माणसं भेटतातच, पण ती ओळख किती टिकेल हे ती कुठे झाली यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून गाव ठरवण्याआधी हे ठरवा: रेल्वेचा लांबचा प्रवास, प्रवाशांच्या हॉस्टेलची डॉर्म (अनेकांनी मिळून राहायची खोली), की पायी चालायची वाट? माझा कल आधीच सांगते. मनमोकळ्या गप्पांसाठी रेल्वे, फिरायला जोडीदार हवा तर हॉस्टेल, आणि घरी परतल्यावरही ज्याला फोन करावासा वाटेल असं माणूस हवं असेल तर पायवाट.

रेल्वे म्हणजे इथे स्लीपर क्लास. समोरासमोर सहा आणि बाजूला दोन, असे आठ जण एका कप्प्यात. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच उघडायचा, त्यामुळे दिवसा सगळे खालच्या बाकावर येतात आणि बोलणं टळत नाही. थ्री एसीतही रचना तीच असते, पण तिथे पांघरूण ओढून मोबाइल बघत पडून राहणारे जास्त. अजनी–पुणे वंदे भारतमध्ये तर सगळा प्रवास खुर्चीत, बहुतेकांच्या नजरेसमोर पुढच्याची पाठ. बारा तासांत शेजाऱ्याचं गाव कळलं तरी पुष्कळ.

स्लीपरमधल्या गप्पांना एक वेगळाच मोकळेपणा असतो, कारण समोरचा उतरून जाणार आहे हे दोघांनाही माहीत असतं. भोपाळला उतरणाऱ्या काकू सुनेबद्दल जे सांगतात ते त्या शेजारणीला कधीच सांगणार नाहीत. पण स्टेशन आलं की संपलं. नंबर घेतले जातात, सणाला एखादा मेसेज येतो, बस्स.

नागपूरकराला मात्र इथे एक फायदा आहे, जो पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन्ही मार्ग आपल्या स्टेशनात एकमेकांना छेदतात. डब्यात ओळख झालेला चेन्नईचा माणूस पुढच्या वेळी जीटी एक्सप्रेसने दिल्लीला निघाला, तर तो तुमच्या गावावरूनच जाणार. प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं, संत्रा बर्फीचा डबा घ्यायचा आणि त्याच्या डब्यासमोर उभं राहायचं. गाडी थांबते तेवढ्या मिनिटांवर चाललेल्या मैत्र्या या शहरात आहेत. पुन्हा भेटायला कोणाला रजा काढावी लागत नाही, म्हणून त्या चालतात.

एकट्या बाईने वरचा बर्थ मागावा. खाली बसून हवं तितकं बोला आणि कंटाळा आला की वर जा. गप्पा कधी थांबवायच्या हे आपल्या हातात राहतं. एकट्याने प्रवास करणाऱ्या महिलांसाठी रेल्वे सुरक्षा दलाचा 'मेरी सहेली' हा उपक्रम 2020 पासून आहे आणि मदतीचा क्रमांक 139. खाण्याच्या बाबतीत माझं मत जुन्या वळणाचं आहे: आपला डबा उघडून पुढे करावा, अनोळखी माणसाचं घेऊ नये. यात उद्धटपणा वाटतो खरा, पण "उपास आहे" म्हटलं की कोणी आग्रह करत नाही.

हॉस्टेलचं गणित अगदी वेगळं. आपल्याकडे झॉस्टेल या हॉस्टेल साखळीने 2013 मध्ये जोधपूरला सुरुवात केली आणि त्यानंतर फिरायच्या बऱ्याच गावांत अशी हॉस्टेलं झाली. एका खोलीत बंक बेड, प्रत्येकाला लॉकर, बसायला सामाईक खोली, आणि अनेक ठिकाणी मुलींसाठी वेगळी डॉर्म. इथे ओळख सगळ्यात झटपट होते. कारण साधं आहे: बरेच जण एकटे आलेले असतात आणि उद्याचा बेत कोणाचाच पक्का नसतो. "उद्या कुठे?" एवढं विचारलं की ऑटोचं भाडं वाटून घेणारे दोघे मिळतात. पण किमान दोन रात्री तरी राहा. एका रात्रीत फक्त नावं कळतात. वयाचंही लक्षात घ्या. पन्नाशीच्या माणसाला कोणी हाकलत नाही, पण रात्री अकराला सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या डावात तो किती रमेल? तिथे बनलेला व्हॉट्सॲप ग्रुप आठ दिवस गाजतो, मग फोटो टाकून झाले की गप्प होतो.

पायवाटेचे प्रकार बरेच, पण विदर्भातल्या माणसाच्या आवाक्यातली दोन नावं घेते. पहिलं नागद्वार. मध्य प्रदेशातल्या पचमढीच्या डोंगरातली ही यात्रा नागपंचमीच्या सुमारास भर पावसात असते. विदर्भातली मंडळं तिथे भंडारे लावतात, त्यामुळे एकटा गेलेला माणूस फार वेळ एकटा राहत नाही. चिखलाच्या चढावर कोणीतरी हात पुढे करतं, "या भाऊ, सावकाश" म्हणतं, आणि पुढचा टप्पा आपण त्याच्यासोबतच चालत असतो.

दुसरं नर्मदा परिक्रमा. नदी उजव्या हाताला ठेवून, ती न ओलांडता चालायचं. आश्रमात पोचल्यावर "कितनी मूर्ती?" असं विचारतात, म्हणजे मुक्कामाला माणसं किती. सकाळी एकटे निघालेले संध्याकाळी तीन मूर्ती होऊन पोचतात, कारण ज्यांची चाल सारखी ती माणसं आपोआप सोबत येतात. हुद्दा, आडनाव हे विषय कधी कधी चार दिवसांनी निघतात, तोवर एकमेकांच्या पायांचे फोड बघून झालेले असतात. थकलेला, चिडलेला, भुकेला माणूस कसा वागतो ते आधीच कळल्यामुळे ही मैत्री टिकते. हिमालयातल्या ठरलेल्या बॅचच्या ट्रेकलाही हेच घडतं, फक्त खर्च जास्त आणि वाट आखलेली.

तोटा असा की पटलं नाही तरी सुटका नाही. घोरणारा, सतत उपदेश करणारा, तुमचीच बाटली रिकामी करणारा माणूसही तितकेच दिवस सोबत असतो. परिक्रमेत चाल मंद करून त्याला पुढे जाऊ देता येतं, बॅचच्या ट्रेकमध्ये तेही नाही.

चारच दिवसांची सुट्टी असेल तर जाताना स्लीपर आणि मुक्कामाला हॉस्टेल, असं दोन्ही जुळवा. पावसाळ्यात निघायचं असेल तर नागद्वार. निवृत्त असाल, गुडघे बरे असतील, तर दिवाळीनंतर जबलपूर गाठा आणि ग्वारीघाटावरून परिक्रमेचा एखादा टप्पा चालून बघा. चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतात, त्यामुळे तो संपण्याआधी गेलात तर वाटेवर सोबत मिळणार नाही.