कॅमोमाइल, हिबिस्कस, जास्मिन की गोकर्ण: फुलांचा चहा निवडण्याआधी

फुलांचा चहा निवडताना बहुतेक जण रंग, वास आणि पाकिटावर लिहिलेले फायदे बघतात. आमचं म्हणणं, आधी रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते बघा. चव आवडते की नाही हे एका कपात कळतं. औषधाशी पटत नाही हे मात्र बऱ्याचदा त्रास सुरू झाल्यावरच लक्षात येतं.

झोपेसाठी कॅमोमाइल आणि रक्तदाबासाठी हिबिस्कस, यांच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून आधी हे दोन.

कॅमोमाइलमध्ये कॅफिन नसतं. चव सौम्य, सफरचंदाच्या जवळ जाणारी. 200 मिली उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम सुकी फुलं पुरतात. चमच्याचा अंदाज इथे फसतो, कारण एका पाकिटात अख्खी फुलं असतात तर दुसऱ्यात चुरा, आणि चुऱ्याचा तोच चमचा कितीतरी जड भरतो. मग चहा कडू होतो आणि दोष फुलांना जातो. पहिल्यांदा तरी वजन करूनच घ्या. कपावर झाकण ठेवून 5 ते 7 मिनिटं थांबा. झाकण काढलं की आतल्या बाजूला थेंब दिसतील. वाफेबरोबर उडणारं सुगंधी तेल त्यांच्यात असतं, म्हणून ते झटकून टाकू नका, कपातच पडू द्या. उघड्या पातेल्यात फुलं उकळत ठेवली तर कॅमोमाइल ज्यासाठी घ्यायचं ते तेलच हवेत जातं.

शेवंती, झेंडू, सूर्यफूल ही कॅमोमाइलच्याच कुळातली. यांच्यामुळे शिंका येत असतील किंवा अंगावर पित्त उठत असेल, तर कॅमोमाइल घेऊच नका. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक कपही नको. झोपेच्या गोळीबरोबर घेतल्यास गुंगी वाढू शकते. नुसत्या चहाचा झोपेवरचा परिणाम सौम्यच असतो, पहिल्याच रात्री गाढ झोपेची अपेक्षा ठेवू नका.

हिबिस्कस म्हटलं की डोळ्यांसमोर बागेतली जास्वंद येते, पण त्या गडद लाल, आंबट चहात असतात लाल अंबाडीच्या बोंडांचे मांसल पुष्पकोश. रक्तदाबावरचे अभ्यास या अंबाडीवर झाले आहेत. बागेतल्या जास्वंदीच्या पाकळ्यांना ते लावू नका. अंबाडीने रक्तदाब थोडा उतरतो, पण गोळीची जागा ती घेऊ शकत नाही. गोळी आणि चहा दोन्ही घेतल्यावर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर चहा थांबवा, रक्तदाब मोजा आणि डॉक्टरांना सांगा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी साखरेवर लक्ष ठेवावं. गरोदरपणात, आणि गर्भधारणेचा प्रयत्न चालू असताना, अंबाडी आणि जास्वंद दोन्ही टाळा.

कृती अशी: 250 मिली उकळतं पाणी, 2 ग्रॅम पुष्पकोश, 5 मिनिटं. जास्त वेळ ठेवला तर आंबटपणा घशाला लागतो. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं नको. आंबट पाण्यात त्याचा अंश उतरतो. हेच आम्ल दातांवरच्या एनॅमललाही बाधतं. म्हणून घोट घोट करत तासभर पिऊ नका, संपल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका. अ‍ॅसिडिटी असणाऱ्यांनी कॅमोमाइलकडे वळलेलं बरं.

जास्मिन टी हा मोगऱ्याच्या वर्गातल्या फुलांनी सुवासिक केलेला, बहुधा ग्रीन टी असतो. म्हणजे कॅफिन आलंच. झोपेसाठी हा घेऊ नये, सकाळी मात्र छान लागतो. उकळतं पाणी थेट ओतलं की पाती कडवट होतात. उकळी आल्यावर पाणी गार कपात ओतून 3 ते 4 मिनिटं थांबा, म्हणजे ते 80 अंशांच्या आसपास येतं. मग 2 ग्रॅम पाती, 2 ते 3 मिनिटं, आणि लगेच गाळा. लोहाची गोळी किंवा जेवण आणि हा चहा यांत किमान एक तास जाऊ द्या, कारण चहातले टॅनिन लोह शोषू देत नाहीत. गरोदर स्त्रियांनी दिवसभरातलं सगळं कॅफिन मिळून 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवावं.

गोकर्णाचा मुख्य गुण म्हणजे रंग. 5-6 सुकी फुलं, एक कप गरम पाणी, 5 मिनिटं. लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं होतं. आरोग्याच्या दाव्यांना माणसांवरच्या अभ्यासांचा आधार तुटपुंजा आहे, तेव्हा तेवढ्यासाठी पैसे घालवू नका. फुलांत शेंगा किंवा बिया आल्या असतील तर वेचून काढा, बियांनी जुलाब होतात.

गुलाब आणि लॅव्हेंडर चवीपुरते ठीक. लॅव्हेंडर अर्ध्या चमच्याच्या वर गेला की साबणासारखा लागतो.

कोणतंही फूल खाण्यासाठी म्हणून विकलेलं असेल तरच घ्या. हारातली, गुच्छातली आणि सुगंधासाठी सुकवलेली फुलं फवारणीमुळे किंवा घातलेल्या अत्तरामुळे चालत नाहीत. कण्हेर, बिट्टी आणि धोतरा विषारी आहेत, आणि त्यांचं विष उकळूनही जात नाही. ओळख पक्की नसेल तर ते फूल कपात घालू नका.

सुरुवात एकाच फुलाने करा, मिश्रणाने नाही. पहिल्या दिवशी अर्धाच कप. खाज, पुरळ, ओठांना सूज दिसली तर कशामुळे ते लगेच कळतं. श्वास घ्यायला त्रास झाला तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. पुढेही दिवसाला दोन कप पुष्कळ झाले. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद करा आणि भूलतज्ज्ञांना तसं सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाला असा चहा देऊ नका, मध घालून तर मुळीच नाही. कप 65 अंशांच्या खाली येईपर्यंत थांबून मगच प्या. त्याहून गरम पेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरलं आहे.

उरलेला चहा गाळून फ्रीजमध्ये एक दिवस टिकतो. सुकी फुलं मात्र हवाबंद, अंधाऱ्या जागी ठेवा, आणि कुबट वास आला तर ती वाचवायचा प्रयत्न न करता फेकून द्या.