बटण दाबलं की बोलणारं मराठी पुस्तक: ५ पैकी २ स्टार

आमची लेक पावणेदोन वर्षांची. मी आणि नवरा दोघंही सकाळी ट्रेन पकडायला पळतो, ती दिवसभर आजीकडे. फारसं बोलत नव्हती म्हणून मनात धास्ती होतीच, त्यात ऑनलाइन हे आवाजाचं पुस्तक दिसलं, मराठी लिहिलेलं बघून लगेच ९५० ला मागवलं. सव्वा महिना वापरून मग लिहितेय.

पुस्तक दणकट आहे. पानं जाड पुठ्ठ्याची, कोपरे गोल, चावून झालं, वरणभात सांडून झाला, ओल्या फडक्याने पुसलं की साफ. सेलच्या झाकणाला स्क्रू आहे हे फार बरं केलंय, या वयात सगळं तोंडात जातं.

पण मराठी काय ते! केळ्याचं बटण दाबलं की आतली बाई म्हणते "केले". फळा नाही "फला", बाळ नाही "बाल". ळ नावाचं अक्षरच नाही त्यात. आपल्याला कळतं हो, पण जी पोर आत्ता पहिल्यांदा शब्द ऐकतेय तिने काय धरायचं? आणि गाय "मू" करते. आमच्या इथे देवळाबाहेर चारावाल्या मावशी गाय घेऊन बसतात, लेक रोज तिला बघून "हम्मा" ओरडते, पुस्तकातली गाय तीच हे तिला एकदाही कळलं नाही. आवाज कमी करायचं बटणही नाही.

तरी मी २ स्टार कापले असते, ३ दिले असते. एका रविवारी मी पोळ्या करत होते, नवरा मोबाईलवर, सासूबाई भाजी निवडत होत्या, लेक पुस्तक घेऊन बसलेली. चित्रावर बोट ठेवून तिने आमच्याकडे बघून "आं?" केलं. कोणी वर बघितलंच नाही, पुस्तक बोलतंय ना. तिने परत बटण दाबलं, पुस्तक परत तेच म्हणालं. माझ्या पोळ्या संपेपर्यंत आमच्यापैकी कोणीही तिच्याशी एक शब्द बोललं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं.

मग रात्री शोधून वाचलं. अमेरिकेत ॲना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचं घरातल्या घरात रेकॉर्डिंग केलं होतं, ते २०१५ मध्ये छापून आलं. आवाजाची खेळणी असली की आईवडील कमी बोलतात, बाळाला उत्तरं कमी देतात, आणि सगळ्यात जास्त शब्द बाळाच्या कानावर पडतात ते साधं पुस्तक घेऊन बसल्यावर. अभ्यास छोटा आहे, पण आमच्या घरात तर डोळ्यांसमोर तेच चाललेलं.

दुसऱ्या दिवशी स्क्रू काढून सेल काढून टाकले. आता ती बटण दाबते आणि आजीच्या तोंडाकडे बघत थांबते. आजी म्हणते, "केळं! आपण सकाळी खाल्लं ना? साल कोणी काढली?" मग ही "शाय" म्हणते, आजी "हो, साल, पिवळी साल" म्हणते, आणि एका पानावर दहा मिनिटं जातात.

तेव्हा हे घेऊ नका. बिनआवाजाचं जाड पुठ्ठ्याचं चित्रांचं पुस्तक घ्या, बरंच स्वस्तात मिळतं. तेही नको असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पहिल्या पातळीच्या घ्या, एका पानावर एकदोन ओळीच असतात, मी ऑफिसजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून आणते. ज्यांनी हे आधीच घेतलंय त्यांनी सेल तेवढे काढा, झाकणाला छोटा चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर लागतो.