अल्झायमर आणि रोगप्रतिकारक पेशींवरचा ऑनलाइन कोर्स: चार तारे

आईच्या अल्झायमरमुळे हा कोर्स घेतला आणि पैसे वसूल झाले. रक्तवाहिनीच्या भिंतीवरून घरंगळणारी न्यूट्रोफिल ही पांढरी रक्तपेशी एलएफए-१ या प्रथिनाच्या आधाराने घट्ट चिकटते आणि मग मेंदूत शिरते, ते अ‍ॅनिमेशन मी थांबवून थांबवून पाहिलं. हे प्रथिन अडवल्यावर स्मरणशक्ती सुधारल्याचं २०१५ साली दिसलं, पण उंदरांमध्ये, हे शिकवणाऱ्या मॅडम आवर्जून बजावतात. खोटी आशा दाखवत नाहीत, ते फार भावलं. मेंदूत मुळातच राहणाऱ्या मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशी कोणत्या आणि रक्तातून आलेल्या टी पेशी कोणत्या, हेही स्वच्छ कळतं. मेंदूच्या आवरणांतल्या लसिकावाहिन्या (लसिका म्हणजे लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिका) मात्र दोन वाक्यांत उरकल्यात. त्यावर अख्खा धडा हवा होता. मराठी सबटायटल्सही द्याच!