आकाशावर पुस्तकं लिहायचीत, पण पोटाचं काय?

जून उजाडला की सल्ला विचारायला माझ्याकडे कुणीतरी येतंच. यंदा आली ती इथल्या, सोलापूरच्या अशोक चौकातली, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला गेलेली मुलगी. घरी चार यंत्रमाग. घरातलं बोलणं तेलुगू, शाळा मराठी, पदवीची पुस्तकं इंग्रजी. म्हणाली, "सर, मला खगोलशास्त्रज्ञ व्हायचंय आणि पुस्तकंही लिहायचीत. नारळीकर सरांसारखी." शेजारी वडील बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "यात पगार कोण देतं?"

मुद्दा वडिलांचाच बरोबर होता, म्हणून हिशेब तिथूनच मांडला. विज्ञानावरच्या मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची धरा, किंमत २५० रुपये, लेखकाला १० टक्के. शेवटची प्रत खपली तर हातात २५,००० रुपये, आणि ती खपेपर्यंत दोन-तीन दिवाळ्या जातात. पुस्तक घर चालवत नाही. पुस्तकाला कोणती नोकरी पोसणार, एवढंच ठरवायचं असतं. मला त्यासाठी तीन वाटा दिसतात.

पहिली थेट संशोधनाची. ही वाट लांब आहे, पण महाग नाही, आणि हे आपल्याकडे फार थोड्या आईबापांना ठाऊक असतं. बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एमएस्सी, नाहीतर इथेच केगावला आपल्या विद्यापीठात. मग नेट, जेस्ट यांसारख्या परीक्षा, आणि त्यातून पुण्याची आयुका, एनसीआरए किंवा मुंबईचं टीआयएफआर यांसारख्या संशोधन संस्था. पीएचडीला फी भरत बसायचं नसतं, उलट पैसे मिळतात. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. वडिलांनी हा आकडा पुन्हा विचारून घेतला.

खरी किंमत वर्षांत मोजावी लागते. पीएचडीची पाच-सहा वर्षं, मग दोन-तीन वर्षांच्या एक-दोन पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाच्या तात्पुरत्या नोकऱ्या, बहुधा परदेशात. कायमची जागा मिळेतो तिशी उलटलेली असते. घरात लग्नाचा विषय त्याच्या कितीतरी आधी निघणार, हे धरूनच चालावं.

आणि रोजचं काम? दुर्बिणीला डोळा लावून बसलेला शास्त्रज्ञ आता फक्त चित्रात उरलाय. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्या जे टिपतात ते संगणकात आकड्यांच्या रूपात येतं, आणि त्यातून मोबाइलचा, विजेच्या तारांचा गोंगाट वेगळा काढण्यातच आठवडे जातात. पायथनमध्ये प्रोग्राम लिहायचा, तो चुकायचा, पुन्हा लिहायचा. याचा कंटाळा येत नसेल तरच या वाटेला जावं. आकाशाचं वेड सगळ्यांनाच असतं, त्यावरून काही ठरत नाही.

लिखाण या वाटेवर उशिरा येतं. नारळीकरांचीच सालं बघा. केंब्रिजची पीएचडी १९६३, पद्मभूषण १९६५, टीआयएफआर १९७२. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला विज्ञानकथा पाठवली ती १९७४ मध्ये, तीही 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांवर नावाचं दडपण नको. तोवर ते जगभर माहीत झाले होते, पुस्तकांनी त्यांच्या नोकरीला धक्का लागणार नव्हता. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. त्यांचे वडीलही केंब्रिजला शिकलेले, बनारसला गणिताचे प्राध्यापक. असं घर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

उलटं उदाहरण अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनचं. लोकांसाठी लिहिणारा, टीव्हीवर दिसणारा माणूस. त्याला हार्वर्डनं कायम केलं नाही, तो कॉर्नेलला गेला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीनं त्याला सदस्य करून घेतलं नाही, आणि दोनच वर्षांनी त्याच अकादमीनं लोकसेवेचं पदक दिलं! संशोधनाच्या नोकरीत मोजतात ते शोधनिबंध, पुस्तक हा घरचा मामला.

दुसरी वाट प्राध्यापकीची. अंधेरीच्या भवन्स महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मोहन आपट्यांनी मराठीत कपाटभर पुस्तकं लिहिली. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना आकाश कळलं ते त्यांच्यामुळे. समोर रोज साठ चेहरे असतात, कोणत्या वाक्याला ते कोरे पडतात ते तिथल्या तिथे दिसतं. लेखकाला याहून चांगली शाळा नाही. पगारही बरा, सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं.

अर्थात जागा कायमची असेल तर. मी तीन वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर काढली. तासाप्रमाणे पैसे, उन्हाळ्यात शून्य, आणि एका वर्षाची बिलं निघाली ती पुढच्या दिवाळीनंतर. त्या तीन वर्षांत चार पानंही लिहून झाली नाहीत, संध्याकाळी शिकवण्या होत्या ना! ही वाट माझी आहे, तेव्हा माझं कौतुक आणि माझी तक्रार दोन्ही थोडी कमी करून वाचा.

तिसरी वाट म्हणजे पदवीनंतर सरळ लिहायलाच लागायचं. लेख, भाषांतरं, शाळांमधून आकाशदर्शन. हिची एक बाजू भक्कम आहे, ती म्हणजे इतिहास. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला विजापूरच्या पलीकडे जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्षल दुर्बीण लावून बसला होता. युरेनस शोधणाऱ्या हर्षलचा हा नातू. तिकडे गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता. त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात दिसलेल्या पिवळ्या रेषेतूनच पुढे हेलियमचा माग लागला. हे सगळं पीएचडी नसताना लिहिता येतं, आणि सोलापुरात बसून जास्त चांगलं लिहिता येतं. पण उद्या एखादी वेधशाळा 'नवा शोध' म्हणाली तर त्यात दम किती, हे गणिताशिवाय कळत नाही. शिवाय महिन्याची कमाई सांगता येत नाही. घरात दुसरा पगार असेल तर या वाटेनं जावं.

तिला मी पहिली सांगितली. कारण साधं आहे. पुण्याचं तिकीट काढलं तर कुर्डुवाडीला उतरता येतं, कुर्डुवाडीचं काढून पुण्याला जाता येत नाही. संशोधनासाठी दिलेली नेट प्राध्यापकीलाही चालते. तिसरी वाट तर पन्नाशीतही बंद होत नाही. मात्र लिहिण्याचा हात तोवर गंजू द्यायचा नाही, म्हणून एक काम दिलं. शून्य सावलीवर एक पान, वडिलांना वाचून दाखवायचं.

पहिल्या खर्ड्याची सुरुवात होती, "सूर्याची क्रांती व स्थळाचा अक्षांश समान झाले असता..." वडील म्हणाले, छान आहे, आणि कारखान्यात निघून गेले.

दुसरा खर्डा आठवड्यानं आला. "आपल्या गच्चीवर मागावरची रिकामी कांडी उभी करून ठेवली, तर वर्षातून दोनच दिवस तिची सावली तिच्याच पायाखाली जाते. एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला. पण बाराच्या ठोक्याला नाही. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेषेवर लावलेलं आहे आणि सोलापूर तिच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावर यायला मेमध्ये जवळपास १२ वाजून २३ मिनिटं होतात."

हे वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं. ऑगस्टच्या सुरुवातीला बापलेक कांडी घेऊन गच्चीवर गेलेही. आभाळ भरलेलं होतं. अर्धा तास थांबून खाली उतरताना ते म्हणाले, "मेमध्ये बघू. तोवर तुझा तो जॅमचा फॉर्म भरून टाक."