छर्रे तोलून निवडायचे की मॅचचे घ्यायचे?

पुतणीने रत्नागिरीत एअर पिस्तूल सुरू केलंय. स्वस्त छर्रे तोलून वेगळे करू की महागडे मॅच छर्रे (स्पर्धेसाठी बनवलेले) घेऊ, हा तिचा पेच.

पैशात स्वस्तच जिंकतात. पण ४.५ मिमीचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर फरक धड कळत नाही. मिलिग्रॅमचा काटा हवा, तोही पंखा बंद करून. मे महिन्यात कोकणात करून बघा! शिवाय वजन जुळलं तरी छर्र्याच्या डोक्याचा, म्हणजे पुढच्या भागाचा, व्यास जुळेलच असं नाही. मॅच छर्रे डोक्याच्या ४.४९, ४.५० मिमी अशा मापांत मिळतात. दमटपणाने पांढरे मात्र दोन्ही पडतात.

१० मीटरवरच्या निशाण्यात दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमीचं, छर्र्यापेक्षा बरंच मोठं. म्हणून नवशिक्याच्या सरावाला स्वस्त, चेपलेले वेचून टाकून, न तोलता. गुण मोजायचे असतील तर मॅचचेच.