पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं घरी: दोन्ही करून पाहिलेल्या बापाचं मत

मोठी मुलगी लातूरला झाली, बायकोच्या माहेरी. धाकटा पुण्यात, आमच्याच घरी, सासूबाई इकडे येऊन राहिल्या. सध्या ऑफिसातल्या दोघा मित्रांच्या घरी सातवा महिना चालू आहे आणि दोघंही हेच विचारतायत की पाठवू का ठेवू, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

पहिलं बाळंतपण माहेरचं ही रीत उगाच पडलेली नाही, हे आधी कबूल करतो. तिथे बायको अंघोळ करून आली की गरम भाकरी आणि अळिवाची खीर समोर, बाळाला तेल लावायला रोज सकाळी मावशी यायच्या, दुपारी दोन तास कोणी तिला हाक मारायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला कारण नसताना रडू यायला लागलं. बाळंतपणानंतर बऱ्याच बायकांचं असं होतं आणि साधारण दोन आठवड्यांत कमी होतं (त्याहून लांबलं तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच पाहिजे). ते रडू ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोकळेपणाने रडली. माझ्या आईसमोर तिला ते जमलं नसतं, आणि त्यात माझ्या आईचा काही दोष नाही.

मग मला खटकलं काय, तर रात्र. आतल्या खोलीत बायको, बाळ, सासूबाई आणि मावशी, आणि जावई बाहेर सोफ्यावर. शनिवारी सात-आठ तास गाडी चालवून पोचायचं, जेवणाचा आग्रह व्हायचा, आणि रात्री दोनला पोरगी रडायला लागली की मी उठून दारापर्यंत जायचो आणि कडीला हात लावून उभा राहायचो. आत बायका झोपलेल्या, जाणार कसं. आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "तुम्ही कशाला उठलाव जावईबापू, झोपा की." बोलण्यात माया होती, पण मी परत सोफ्यावर यायचो आणि रडणं थांबेपर्यंत पंख्याकडे बघत पडून राहायचो. असे तीन महिने. पोरगी पुण्यात आली तेव्हा मी घेतलं की अंग ताठ करून रडायची, पुढचा महिनाभर तरी.

नंतर थोडं वाचलं तेव्हा कळलं की असं का होत असेल. डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी 1980 मध्ये दाखवलं होतं की नुकतं जन्मलेलं बाळ आईचा आवाज ओळखतं आणि तो ऐकायला मिळावा म्हणून तोंडातली चोखणी चोखण्याची लय बदलतं, कारण पोटात असताना तोच आवाज ऐकलेला असतो. पुढे डीकॅस्परनेच बापाच्या आवाजावर असंच करून बघितलं तर तशी पसंती दिसली नाही. म्हणजे आई काही महिने पुढे असते आणि बाप पाटी कोरी घेऊन सुरू करतो. त्यात बाळाला सुरुवातीला दिसतं ते 20 ते 30 सेंमीवरचं, म्हणजे जो कुशीत घेतो त्याचाच चेहरा. ग्लासगोत शॅफर आणि इमर्सन यांनी 60 बाळांचा अभ्यास केला होता (1964 चा), त्यात बाळं जास्त लागली ती त्यांच्या रडण्या-हसण्याला लगेच दाद देणाऱ्या माणसांना, नुसता दिवसभर शेजारी असणाऱ्याला नाही. हे वाचलं आणि मला ती दाराची कडीच आठवली.

दुसऱ्या वेळी घरीच ठेवलं. अडचणी आल्या, खोटं कशाला सांगू. बघायला येणाऱ्यांची रीघ, सासूबाईंना आमचं स्वयंपाकघर परकं, शेक-शेगडीवरून माझी आई आणि त्या यांच्यात दोन दिवस अबोला (शेवटी डॉक्टरांनीच बंद खोलीत धूर नको म्हणून सांगितलं). बायकोला लातूरइतकी झोप नक्कीच मिळाली नाही, आणि ती उणीव छोटी नाही. जमेची बाजू म्हणजे तपासणी आणि डिलिव्हरी एकाच डॉक्टरांकडे, आठव्या महिन्यातला प्रवास टळला, दीड महिन्याची लस पण तिथेच.

पण रात्रीची पाळी माझी. केंद्र सरकारी नोकरीत बापाला 15 दिवस मिळतात, मला सातच मिळाले, तरी रात्र तर आपल्याच हातात असते ना. बायको दूध पाजून आडवी व्हायची, मी खांद्यावर घेऊन ढेकर काढायचो, लंगोट बदलायचो. सातव्या आठवड्यात असाच पहाटे लंगोट बांधत होतो, हात गार लागला म्हणून त्याने पाय आखडले, माझ्याकडे बघितलं आणि हसला. मोठीचं पहिलं हसू मी फोनवरच्या व्हिडिओत बघितलंय.

आता तुमच्या घरचं मी काय सांगणार. सिझर ठरलं असेल, घरी करणारं कोणी नसेल किंवा बायकोलाच आईकडे जायचं असेल तर पाठवा, तिची इच्छा आधी. फक्त मग आतल्या खोलीत आपलं अंथरूण पडेल का, हे ओटभरणाच्या वेळीच सासूबाईंना विचारून घ्या, लाजू नका. आणि घरी ठेवणार असाल तर त्यांना किमान दोन महिने आधी सांगा, कारण त्यांचंही घर आहे, शेत आहे. आमच्या सासूबाई सोयाबीनची रास उरकून आल्या होत्या, येताना डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन, आणि तेव्हा बायकोला नववा लागून चार दिवस झाले होते.